विषय: हलकी कार्यप्रणाली निवडणेबाबत

आमचा लॅपटॉप सुरू व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्या वेळात मेहरूण तलावाला एक फेरी होत असे. हे मी अंदाजाने सांगत नाही. बटण दाबून मी घराबाहेर पडायचो, तलावाला फेरी मारायचो, वाटेत दोन ओळखीच्या माणसांशी गुडघ्यांबद्दल बोलायचो आणि परत यायचो, तेव्हा पडद्यावर ‘स्वागत आहे’ अशी अक्षरं नुकतीच उमटत असायची आणि त्यांच्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरत असायचे. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. लॅपटॉपमुळे ते तीन वर्षं बिनचूक जमलं. सकाळी मी रस्त्यावर दिसलो की कॉलनीतले लोक विचारायचे, “काय देवरे भाऊ, आज लॅपटॉप लावला वाटतं?”

मी अभिमन देवरे. पाटबंधारे खात्याच्या धुळ्याच्या कार्यालयातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी आम्ही सगळ्यांनी धुळ्याला केली, पण सोसायटीला प्लॉट मिळाले जळगावला. त्यामुळे धुळ्याची बरीचशी पाटबंधारे मंडळी म्हातारपणी मेहरूणजवळच्या एका कॉलनीत येऊन स्थिरावली. कॉलनीचं नाव जलसंपदा नगर. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं.

लॅपटॉप मी निवृत्तीच्या वर्षी घेतला. दुकानातल्या माणसाने विचारलं, “कशासाठी हवाय?” मी म्हटलं, “सर्वसाधारण कामासाठी.” त्याने दुकानातला सर्वांत साधारण लॅपटॉप काढून दिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच लॅपटॉपने मला निवृत्तीनंतरही अधीक्षक ठेवलं होतं.

त्याचं असं आहे की दर नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनरला आपण अजून जिवंत आहोत असं सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. हा दाखला घरबसल्या निघतो असं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि अंगठ्याचं मशीन मागवलं. दिसायला चुन्याच्या डबीएवढं, पण ते लॅपटॉपला जोडून त्यावर अंगठा टेकवला की पेन्शनर हयात ठरतो. तेव्हापासून मला धरून कॉलनीतल्या नऊ जणांना मी दर वर्षी माझ्या ओसरीवर हयात करत आलो. लोक आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून यायचे. रांगेत बसायचे. मी चष्मा लावून एकेकाचं नाव पुकारायचो. ते दोन दिवस माझी बायको कोकिळासुद्धा मला चहा विचारून द्यायची.

सगळ्यांत अवघड अंगठा शेवंताआक्कांचा. आक्का कौटुंबिक पेन्शनवाल्या, म्हणजे पेन्शन त्यांच्या नवऱ्याची. तो आमच्या कार्यालयात चौकीदार होता. आक्कांनी उभा जन्म साक्रीकडच्या गावात निंदणी-खुरपणी केलेली, अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसून गेलेल्या. मशीन त्यांना ओळखायचंच नाही. मग मी त्यांच्या अंगठ्याला खोबरेल लावायचो, पुसायचो, फुंकर घालायचो, थोडा तिरका ठेवायचो, आणि तासाभराने हिरवा दिवा लागायचा. त्या मला विचारायच्या, “भाऊ, मी जित्ती शे का नही, ते हाऊ डबा सांगी?” मी म्हणायचो, “आक्का, नियम आहे.”

असं सगळं छान चाललं असताना या वर्षी ऑक्टोबरात पडद्यावर एक निळी चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं की सध्याच्या प्रणालीची मुदत संपत आहे, आणि नव्या प्रणालीसाठी आपला संगणक अपात्र आहे.

अपात्र! चौतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी हजारो लोकांना लिहून दिला असेल, पण मला कोणी दिला नव्हता. मी ती चौकट बंद केली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशी कोकिळाने ती पाहिली आणि म्हणाली, “अहो, हे तुम्हाला म्हणतायत की लॅपटॉपला?”

समोरच्या बंगल्यात प्रेमराज बोरसे राहतात. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. अभियंता असल्यामुळे त्यांना पाण्यापासून पंचांगापर्यंत सगळं कळतं. ते म्हणाले, “देवरे, लॅपटॉप धीमा नाही. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम जड आहे. चार जीबीच्या मशीनवर एवढं ओझं! हलकी सिस्टीम टाका. लिनक्स. फुकट मिळते.”

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे लॅपटॉपच्या आतला अधीक्षक, एवढं मला तेव्हा समजलं. कोणती फाईल कुठे, कोणाला आधी सोडायचं, कोणाला बसवून ठेवायचं, हे तो ठरवतो. आता एक अधीक्षक जाऊन दुसरा येणार म्हणजे रीतसर निवड व्हायला हवी. मी त्याच दुपारी कपाटातून एक कोरी फाईल काढली, तिला लाल नाडा बांधला आणि वर लिहिलं, ‘विषय : हलकी कार्यप्रणाली निवडणेबाबत.’ फार दिवसांनी हात गरम झाल्यासारखा वाटला.

माझी कल्पना होती की लिनक्स ही एक वस्तू आहे. ती एक वस्तू नाही. तिचे इतके पंथ आहेत की त्यांची नावं लिहितानाच फाईलची चार पानं गेली. एकाचं नाव मिंट, म्हणजे पुदिना. दुसऱ्याचं पेपरमिंट. तिसऱ्याचं पपी, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. एक बोधी. एक लुबुंटू. आणि प्रत्येकाचे भक्त इंटरनेटवर बसून बाकीच्यांना मूर्ख ठरवत होते. मी रात्रीपुरतं वाचन थांबवलं, कारण मला सगळ्यांचंच पटत होतं.

मग तुलनात्मक तक्ता केला. रकाने असे : नाव, वजन, वेग, शेरा. तक्ता सोसायटीच्या सूचना फलकावर लावला आणि सदस्यांकडून आठ दिवसांत लेखी मतं मागवली. लेखी मत एकही आलं नाही. तोंडी मतांनी मात्र मला गेटपासून घरापर्यंत येऊ दिलं नाही.

प्रेमराज पपीच्या बाजूचे. “एकदम चपळ,” ते म्हणाले. “मेमरीतच राहतं, डिस्कला हातसुद्धा लावत नाही.”

“पण सरकारी काम पिल्लावर करायचं?” मी विचारलं. “उद्या कोणी विचारलं, दाखला कशावर काढला, तर काय सांगू?”

लोटन आबा आमच्या खात्याचे जीप ड्रायव्हर होते. त्यांचा प्रश्न तांत्रिक होता. “साहेब, हलकं म्हंजे कितलं हलकं?” मी सांगितलं की सध्याची प्रणाली फार जागा खाते, नवी कमी खाईल. त्यांना ते पटलं नाही. ते लॅपटॉप उचलून थेट गौतमशेठच्या दुकानात घेऊन गेले आणि खिळे तोलायच्या काट्यावर त्याचं वजन करून आले. एक किलो सातशे. “लिखी ठेवा,” ते म्हणाले. “नवं टाकावर पुन्हा करसूत.” मी ते वजनाच्या रकान्यात लिहिलं, कारण तोपर्यंत तो रकाना रिकामाच होता.

गौतमशेठ म्हणजे गौतमचंद, कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. हार्डवेअर म्हणजे नळ, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे. पण पाटीवर शब्द तोच असल्यामुळे या विषयात आपलंही मत असावं असं त्यांना वाटलं. “देवरेजी, जुन्या दाराला नवीन कडी लावू नका. दार हलतं,” ते म्हणाले. त्यांची सून हिना काउंटरवर बिलं करत बसलेली असते. ती संगणकाची पदवी घेऊन आलेली. तिने मान वर न करता विचारलं, “काका, लॅपटॉपवर तुम्ही काय काय चालवता?”

आता पाहा, हा प्रश्न साधा होता. त्याचं नीट उत्तर दिलं असतं तर ही हकीकत इथेच संपली असती. पण दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, आणि वर्षातून दोन दिवस अंगठे घेतो आणि उरलेले दिवस पत्ते खेळतो, हे अधीक्षकाने कसं सांगावं? मी म्हटलं, “सगळंच.”

“मग लुबुंटू घ्या,” हिना म्हणाली. “हलकं आहे, आणि जुन्यासारखंच दिसतं. पेन ड्राइव्ह द्या, त्यात भरून देते.”

‘लुबुंटू’ या शब्दात लुबाडण्याचा काही भाग आहे की काय, अशी शंका लोटन आबांनी घेतली. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘नाव वगळता समाधानकारक’ असं लिहून फाईलवर सही केली.

माझ्याकडे दोन पेन ड्राइव्ह होते. दिसायला अगदी सारखे, निळे. एक रिकामा. दुसऱ्यात मी आदल्या दिवशी लॅपटॉपमधलं सगळं काळजीपूर्वक उतरवून ठेवलं होतं : सोसायटीच्या बारा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, चोपड्याच्या भाचीच्या लग्नाचे फोटो, आणि खात्याकडे माझ्या वेतननिश्चितीबद्दल केलेला सत्तावीस पत्रांचा पत्रव्यवहार. हिनाने विचारलं, “रिकामा आहे ना, काका?” मी म्हटलं, “अर्थात.” पेन ड्राइव्ह भरण्यापूर्वी तो पूर्ण पुसला जातो, हे मला नंतर कळलं. कोणता पुसला गेला, हे त्याच्याही नंतर.

रविवारी सकाळी ओसरीवर स्थापना झाली. प्रेमराज मोबाईलवरून सूचना मोठ्याने वाचत होते, मी त्याप्रमाणे बटणं दाबत होतो आणि लोटन आबा बॉनेट उघडलेल्या जीपजवळ उभं राहावं तसे कमरेवर हात ठेवून उभे होते. एका टप्प्यावर पडद्याने विचारलं की संपूर्ण डिस्क पुसून टाकायची का. मी थांबलो. जुनी कागदपत्रं नष्ट करायची तर आमच्याकडे समिती नेमावी लागायची, यादी करावी लागायची. इथे एक चौकट आणि एक बटण.

“दाबा,” प्रेमराज म्हणाले.

“परत आणता येईल?”

“परत कशाला आणायचंय? दाबा.”

मी दाबलं. वीस मिनिटांत आमचा लॅपटॉप नव्याने जन्माला आला. बंद करून पुन्हा चालू केला. प्रेमराजांनी घड्याळ लावलं. अडतीस सेकंद! कॉलनीत बातमी पसरली. लोक पाहायला आले. मी प्रत्येकासाठी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करून दाखवला. दुपारपर्यंत तो एकवीस वेळा सुरू झाला, म्हणजे जुन्या हिशेबाने तलावाच्या एकवीस फेऱ्या. लोटन आबा तेवढ्यात तो उचलून काट्यावर घालून आले. “एक किलो सातशे,” ते म्हणाले. “काही फरक नही, साहेब.”

संध्याकाळी मी पेन ड्राइव्ह लावला, इतिवृत्तं परत आत घ्यायला. आत लुबुंटू होतं. दुसरा पेन ड्राइव्ह लावला. तो रिकामा होता, मी म्हटल्याप्रमाणे.

 मी मुद्दामच आधी प्रेमराजांना सांगायला गेलो, कारण त्यांनी ‘दाबा’ म्हटलं होतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे माझ्या वाढीव गॅलरीविरुद्धचा ठरावही गेला?” त्यांनी विचारलं. तो ठराव गेला होता. भांडण लावणाऱ्या बदामाच्या झाडाचा गेला होता, मागच्या गेटच्या कुलपाचा गेला होता. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की लोक एकमेकांशी जरा मोकळेपणाने बोलू लागले आहेत. माझ्या सत्तावीस पत्रांबद्दल मात्र कोणीही दुखवटा व्यक्त केला नाही. कोकिळा म्हणाली, “अठ्ठाविसावं लिहू नका म्हणजे झालं.”

आणि मग नोव्हेंबरची एक तारीख उजाडली.

सकाळी नऊलाच ओसरी भरली. लोटन आबांनी टोपी नवी घातली होती. शेवंताआक्कांनी अंगठ्याला घरूनच खोबरेल लावून आणलं होतं. मी लॅपटॉप उघडला. अडतीस सेकंद. लोकांनी माना डोलावल्या. मी चुन्याच्या डबीएवढं ते मशीन जोडलं आणि पहिलं नाव पुकारलं.

मशीनचा दिवा लागला नाही.

मी वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या बाजूला लावली. फुंकर घातली. प्रेमराजांनी वायर वाकवून पाहिली. लोटन आबांनी मशीनला दोन चापट्या मारल्या, जीपला मारायचे तशा. शेवटी मी मशीनच्या खोक्यावरच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तो माझा निर्णय होता.

“आपली सिस्टीम कोणती, सर?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“लुबुंटू.”

“परत सांगा?”

“लु-बुं-टू.”

“सर, हा गावाचा पत्ता नको. सिस्टीमचं नाव सांगा.”

“तेच सांगतोय. लिनक्स आहे. हलकं.”

काही वेळ संगीत वाजलं. ओसरीवरचे आठ जण ते संगीत शांतपणे ऐकत होते. मग बाई परत आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, “सर, आमचं मशीन फक्त लॅपटॉपबरोबर आलेल्या सिस्टीमवर चालतं. तुम्ही ती का काढली?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लाल नाड्याच्या फाईलमध्ये तपशीलवार होतं, पण बाईंनी फोन ठेवला.  शेवंताआक्का अंगठा पदराला पुसत म्हणाल्या, “मंग भाऊ, यंदा आम्ही मरेल शेतस का?”

त्यावर सगळे हसले. मीही हसलो. आत जाऊन मी एक पेला पाणी प्यालो आणि आतच थोडा वेळ उभा राहिलो. ते नऊ दाखले म्हणजे माझी एकुलती एक कचेरी होती आणि ती मीच बंद केली होती.

उपाय एकच दिसत होता. धुळ्याला आमच्या बँकेत दर नोव्हेंबरला पेन्शनरांची यादी ठेवलेली असते, तिथे समक्ष जाऊन सही करायची. जळगाव-धुळे म्हणजे एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तास. मी जाहीर केलं की झालेली गैरसोय माझ्यामुळे झाली आहे, तेव्हा सगळ्यांना मी नेईन. सोमवारी सकाळी साडेआठला एक क्रूझर गाडी गेटवर उभी राहिली. नऊ पेन्शनर आत बसले. लोटन आबा ड्रायव्हरशेजारी बसले आणि पारोळ्यापर्यंत त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले. पारोळ्याला ड्रायव्हरने गाडी थांबवली, चहा प्यायला आणि आबांना हात जोडले.

बँकेत काउंटरवर दिपमाला नावाच्या मॅडम होत्या. नावाची पाटी समोर होती. काम चोख. पाच जणांच्या सह्या वीस मिनिटांत झाल्या. मग माझी पाळी आली.

त्यांनी यादीवर बोट फिरवलं. “नाव?”

“अभिमन देवरे.”

“यादीत अभिमान देवरे आहेत.”

“ते मीच. एक काना जास्त पडलाय.”

“तुमच्या आधारवर अभिमन आहे.”

“बरोबर. कारण मी अभिमन आहे.”

“मग अभिमान कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

 मागे बाकावर प्रेमराज खोकल्याचं निमित्त करून हसत होते. मी मॅडमना सांगितलं की मी स्वतः अधीक्षक होतो, अशा चुका जागच्या जागी दुरुस्त करता येतात. त्या म्हणाल्या, “करता येतात ना. अर्ज द्या, आधारची प्रत जोडा, गुरुवारी या. आणि कौटुंबिक पेन्शनवाल्यांची यादी वेगळ्या साहेबांकडे असते, तेही गुरुवारीच येतील.”

मला राग यायला हवा होता. पण ती वाक्यं ज्या सुरात आली, त्यात एकही शब्द कमी-जास्त नव्हता. नजर कागदावर, आवाज शांत, आणि ‘गुरुवारी या’ म्हणताना पुढच्या माणसाला बोलावण्यासाठी किंचित वर झालेली हनुवटी. चौतीस वर्षं मी हेच करत होतो आणि काउंटरच्या या बाजूने ते कधी पाहिलं नव्हतं. फार सुबक दिसतं. मी अर्ज लिहून दिला.

पाच जण हयात झाले, चार राहिले : मी, शेवंताआक्का आणि आणखी दोघी कौटुंबिक पेन्शनवाल्या. तरी परतायची घाई कोणालाच नव्हती. लोटन आबा म्हणाले, आलोच आहोत तर हापिस पाही येऊ. आमचं जुनं कार्यालय तिथून दहा मिनिटांवर. गेटमधून आत गेलो तर ओळखीचं एकही माणूस नाही. मागच्या आवारात आबांची जीप उभी होती, चाकं नसलेली, आणि तिच्या ड्रायव्हरच्या जागेतून एक कडुनिंब वर गेला होता. आबांनी तिच्याभोवती फेरी मारली, दार उघडून पाहिलं, ते उघडलं नाही. “जीपना क्लच तवाच जड व्हता,” एवढंच बोलले.

मी गेटपाशी परत आलो तर शेवंताआक्का दिसेनात. त्या नवऱ्याच्या जुन्या चौकीत होत्या. पत्र्याची चौकी, आत एक स्टूल, एक खिडकी. सध्याचा चौकीदार अदबीने बाहेर उभा होता आणि आक्का त्या स्टुलावर बसल्या होत्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “सव्वीस वरीस त्या आठे बठनात. मी कधी येयेलच नव्हतू. मले वाटे, मोठं हापिस व्हई, टेबल-खुर्ची व्हई.”

 आक्कांच्या नवऱ्याला मी रोज सकाळी मान हलवून उत्तर द्यायचो, एवढंच मला आठवत होतं. त्याचं स्टूल मला आठवत नव्हतं.

आक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे रसवंती होती, सायकलचं दुकान होतं, शाळेचं फाटक होतं. “इथून बठ्ठं दिखस,” त्या म्हणाल्या, आणि सगळं दिसतंय या समाधानाने मान हलवली. “करमत व्हई त्यास्ले.”

मग आम्ही सगळ्यांनी एका हॉटेलात शेवभाजी खाल्ली. ती इतकी तिखट होती की प्रेमराजांनी गॅलरीचा विषय स्वतःहून काढला आणि ती खरंच तीन फूट वाढवली होती असं कबूल केलं. येताना गाडीत लोटन आबांनी बंद पडलेल्या जीपमधून साहेबांना धरणावर कसं पोचवलं होतं ती गोष्ट सांगितली. ती आम्ही प्रत्येकाने किमान दहा वेळा ऐकली होती, तरी शेवंताआक्कांनी विचारलं, “मंग?” आणि सगळे पुन्हा ऐकत बसले.

बुधवारी दुपारी मी गुरुवारच्या प्रवासासाठी आधारच्या प्रती काढून बसलो होतो. कोकिळा मोबाईल घेऊन समोर येऊन उभी राहिली. “जरा इकडे बघा,” ती म्हणाली.

“फोटो कशाला काढतेस? अंगात बनियन आहे.”

“बघा तर. आता डोळे मिचकवा.”

मी डोळे मिचकवले. मोबाईलमधून टिंग असा आवाज आला. तिने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर हिरव्या अक्षरात लिहिलं होतं की अभिमन देवरे यांचा हयातीचा दाखला स्वीकारण्यात आला आहे.

“हे काय आहे?”

“चोपड्याच्या वन्संनी सांगितलं. त्या गेल्या वर्षापासून असंच करतात. आधारचा नंबर घालायचा, पेन्शनचा नंबर घालायचा, चेहरा दाखवायचा. अंगठाही नको, मशीनही नको.” ती थोडी थांबली. “लॅपटॉपही नको.”

मी बनियनवर बसून होतो. दीड महिना, लाल नाड्याची फाईल, चार पानांचा तक्ता, बारा वर्षांची इतिवृत्तं आणि सत्तावीस पत्रं, आणि शेवटी मी माझ्याच ओसरीवर, डोळे मिचकवून, हयात झालो होतो. तेही बायकोच्या हातून.

“म्हणजे आक्कांचा अंगठा...”

“लागतच नाही. बोलवा त्यांना. पाच मिनिटांत तिघींचं उरकते. गाडीवाल्याला नको म्हणून सांगा.”

मी फोन उचलणार तोच तो वाजला. लोटन आबा. त्यांचा दाखला सोमवारीच झाला होता, त्यामुळे त्यांना कामच नव्हतं. “साहेब, उद्या पुढली सीट मनी शे, कोणले देजा नका,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच प्रेमराज गॅलरीतून ओरडले की त्यांनाही धुळ्याला एकदा यायचंच होतं, सहज. हेही सोमवारीच हयात झालेले. मग पुन्हा फोन वाजला.

शेवंताआक्का होत्या. “भाऊ, गाडी कितला वाजता निंघी?”

मी कोकिळाकडे पाहिलं. तिच्या हातातल्या मोबाईलवर ती हिरवी अक्षरं अजून चमकत होती.

“आक्का, ते गाडीचं असं आहे की...”

“मी भाकरी नि ठेचा लई येसू,” आक्कांना माझं काही ऐकू येत नव्हतं. “बठ्ठास्ले पुरी इतला. नि त्या चौकीवर जो भाऊ शे ना, त्याले बी एक डबा करेल शे. तो सकाय पाईन उपाशी बठत व्हई.”

 चौतीस वर्षांत कोणतीही माहिती मी दडवून ठेवली नव्हती. फार तर गुरुवारपर्यंत ठेवली असेल.

कोकिळाने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

“साडेआठला, आक्का,” ती म्हणाली. “आणि खिडकीजवळ माझ्यासाठी जागा धरा.”